गाडीत स्कॅनर बसवण्याआधी कायदा वाचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घाटातून गाडी नेणाऱ्यांनी पावसाळ्यात रेडिओ स्कॅनर जवळ ठेवावा, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं होतं. दरड कोसळली, पूल पाण्याखाली गेला की पोलिसांच्या वायरलेसवर आधी कळतं, मग ते आपणही का ऐकू नये, असं त्यांचं म्हणणं. पत्रलेखकांचा हेतू चांगला आहे. करूळ घाटात रात्री अडकून पडलेल्याला त्यामागची तळमळ कळेल. पण त्यांनी सुचवलेला उपाय माणसाला कायद्याच्या कचाट्यात नेणारा आहे. ते पत्र वाचून माझ्याकडे चौकशीला माणसं यायला लागली आहेत, म्हणून लिहायला बसलो.

शिवाजी उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्याआधी लक्ष्मीपुरीत एका उस्तादांच्या हाताखाली व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर दुरुस्त करत शिकलो. गाडीत टेप बसवण्यापासून ते आताच्या मोठ्या स्क्रीनपर्यंत सगळं केलं आहे. त्यामुळे स्कॅनर काय चीज आहे ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. साधा रेडिओ आपण फिरवू त्या स्टेशनवर थांबतो. स्कॅनर स्वतःच शेकडो चॅनेलवरून सरकत राहतो आणि कुठे कुणी बोललं की तिथे थबकतो. पोलीस, अग्निशमन दल, विमानं, खाजगी कंपन्यांचे वॉकी-टॉकी, जे काही साध्या अ‍ॅनालॉग पद्धतीने हवेत आहे ते त्याच्या कानावर पडतं. त्यात बोलायची सोय नसते, फक्त ऐकायची. आणि लोकांचा सगळा घोळ इथेच होतो.

परवा एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं. मोठी एसयूव्ही, मुलगा अमेरिकेत. त्याने येताना युनिडेन कंपनीचा ‘बेअरकॅट’ स्कॅनर आणलेला, डबा तसाच करकरीत. डॅशबोर्ड खोलून आत बसव, वर टपावर अँटेना लाव, एवढंच काम. मी नाही म्हटल्यावर म्हणतो, ‘‘मिस्त्री, नुसतं ऐकायचं हाय की. बोलायचं कुठं हाय? हवेतनं येतंय, आपण ऐकतोय. त्यात कसला आलाय गुन्हा?’’

गुन्हा आहे, आणि तो आजचा नाही. माझ्या वडिलांकडे रेडिओचं लायसन्सचं पुस्तक होतं. रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं, दरवर्षी पोस्टात जाऊन नूतनीकरण करायचं. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात, की गाणी ऐकायला लायसन्स? पण ऐंशीच्या दशकात सरकारने ते बंद करेपर्यंत घरातल्या रेडिओलाही परवाना लागत होता. 1933 च्या भारतीय बिनतारी तारयंत्र कायद्याचं म्हणणं अगदी सरळ होतं: परवान्याशिवाय किंवा सरकारने सूट दिल्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगायचं नाही. कायद्यातला शब्द ‘बाळगणं’ असा आहे, ‘वापरणं’ नाही. (हा कायदा झाला तेव्हा कोल्हापुरात राजाराम महाराजांचं राज्य होतं, इतका तो जुना.) आकाशवाणी ऐकायचा रेडिओ त्यातून पुढे मोकळा झाला. पोलिसांचं बोलणं पकडणारा स्कॅनर म्हणजे आकाशवाणीचा रेडिओ नव्हे, हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही.

त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 100 रुपयांपर्यंत दंड होता, पुढच्याला 250. प्रक्षेपण करणारा सेट असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. 1885 च्या तार कायद्यात दुसऱ्याचा संदेश चोरून मिळवण्याबद्दल वेगळी शिक्षा होतीच. या जुन्या कायद्यांची जागा घ्यायला 2023 चा दूरसंचार कायदा आला आणि त्यातली बरीच कलमं 26 जून 2024 पासून लागू झाली. त्यातलं कलम 42 गाडीत स्कॅनर बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावं. बेकायदा संदेश पकडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शंभर रुपयांचा दंड कुठे आणि दोन कोटी कुठे! ‘संदेश’ची व्याख्याही कायद्याने ऐसपैस केली आहे. खूण, आवाज, मजकूर, चित्र, जे काही दूरसंचाराने पाठवलं ते सगळं त्यात येतं. संदेश गुप्त हवा, तो कुलूपबंद हवा, अशी अट त्या व्याख्येत नाही. ‘‘त्यांनी उघड्यावर बोलू नये मग,’’ हा युक्तिवाद नाक्यावर ठीक आहे, कोर्टात किती टिकेल याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता गाडीचा मुद्दा. घरात टेबलावर ठेवलेला सेट आणि गाडीत बसवलेला सेट यांत तपासणाऱ्याच्या नजरेने फार फरक असतो. पोलिसांच्या वायरलेसची लहर साधारण 150 मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे तिची पाव लांबीची अँटेना अर्धा मीटरच्या जवळपास भरते. टपाच्या मधोमध चुंबकावर उभी केलेली तेवढ्या उंचीची काळी काडी आणि दाराच्या फटीतून आत गेलेली जाड केबल दिसली की जाणत्या हवालदाराला ती एफएमची नाही हे कळायला वेळ लागत नाही. कागल-कोगनोळीकडे सीमेवर नाकाबंदी असते, निवडणुकीत तर गावोगाव असते. तिथे डॅशबोर्डमध्ये कायमचा बसवलेला, इग्निशनबरोबर चालू होणारा, पोलिसांचे चॅनेल भरून ठेवलेला सेट सापडला तर ‘सहज हौस म्हणून घेतला’ हे कुणाला पटवणार? गाडीची चावी फिरवली की तो ऐकायला लागतो, असं वायरिंग मी करून द्यायचं आणि नंतर मीच कुणाच्या तरी कोर्टात साक्षीला उभं राहायचं. हा धंदा मला नको.

शिवाय चालवताना हातात सेट धरून बटणं दाबत बसणं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातात धरायचं संपर्कसाधन वाहन चालवताना वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं आहे. पहिल्याच वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड, आणि कैदेचीही तरतूद आहे. स्कॅनर तर दर थोड्या वेळाने खर्र करून कुठेतरी थांबतो. माणूस रस्ता बघणार की आकडे?

पण दंड आणि कलमं बाजूला ठेवू. ‘ऐकल्याने कुणाचं काय जातं?’ या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या ओळखीतल्या एका घरी मिळालं. त्यांच्या मुलाच्या मोटारसायकलला हायवेवर रात्री धडक बसली. घरच्यांना पहिला फोन आला तो ना पोलिसांचा, ना दवाखान्याचा. एका टोइंगवाल्याचा. ‘‘तुमची गाडी उचलून ठेवलीय, सकाळी पैसे घेऊन या.’’ मुलगा कुठे आहे, कसा आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं, विचारायची गरजही वाटली नव्हती. त्याच्या क्रेनमध्ये काय वाजत होतं ते पुढे गॅरेजवाल्यांच्या बोलण्यातून कळलं. अपघाताच्या वेळी वायरलेसवर गाडीचा नंबर जातो, नाव कळलं असेल तर नाव, पत्ता, कधी नातेवाइकांचा फोन नंबरही जातो. जायलाच हवा, नाहीतर पुढची यंत्रणा हलणार कशी? तो आवाज ज्याच्यासाठी आहे त्याच्या कानी पडावा एवढीच अपेक्षा. रस्त्यात पडलेल्या माणसाचा पत्ता हायवेवरच्या प्रत्येक क्रेनमध्ये आणि प्रत्येक खाजगी अँब्युलन्समध्ये ऐकू यायचं काही कारण नाही. मुलगा वाचला. आईने मात्र तो फोन घेतल्यापासून दवाखाना सापडेपर्यंतचा वेळ कसा काढला असेल ते सांगायला नको.

आणि हे ऐकणारे सगळेच काही पैशाच्या मागे लागलेले नसतात, त्यांच्याहून वाईटही असतात. रात्री वाळू भरून निघालेल्या डंपरला पथक कुठल्या फाट्यावर आहे हे आधी कळलं तर ते पथक नेमलं कशाला? असली माणसं माझ्या दुकानात येत नाहीत, त्यांचे मिस्त्री वेगळे. पण ‘सगळेच बसवतात’ असं वातावरण झालं की त्यांचीच सोय होते.

अमेरिकेचं उदाहरण प्रत्येकजण देतो, माझ्या त्या गिऱ्हाइकानेही दिलं. ‘‘तिथं दुकानात उघड्यावर विकतात.’’ खरं आहे, विकतात. पण तिथेही गाडीचा विषय निघाला की काही राज्यांत कायदा कडक होतो. न्यूयॉर्क राज्याच्या वाहन कायद्याच्या कलम 397 प्रमाणे पोलिसांच्या लहरी पकडणारा सेट परवानगीशिवाय गाडीत बसवणं गुन्हा आहे. हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवानाधारकांना त्यांच्या स्वतःच्या लहरींपुरती सूट आहे. फ्लोरिडा आणि केंटकीतही गाडीतल्या स्कॅनरवर कायद्याची बंधनं आहेत. म्हणजे एका राज्यात चालतं ते शेजारच्या राज्याची हद्द ओलांडली की अंगाशी येऊ शकतं, हे तिथल्या स्कॅनरवाल्यांचं नेहमीचं दुखणं. शिवाय त्यांच्या 1934 च्या दळणवळण कायद्यात, आपल्यासाठी नसलेला संदेश पकडून तो दुसऱ्याला सांगणं किंवा त्यातून स्वतःचा फायदा करून घेणं यावर बंदी आहेच. सेल्युलर फोनच्या लहरी पकडणारे स्कॅनर विकण्यावर त्यांनी 1990 च्या दशकातच बंदी घातली. इंग्लंडमध्ये तर 2006 च्या कायद्याच्या कलम 48 मध्ये आपल्याला न उद्देशलेला संदेश यंत्र लावून मिळवणं हाच गुन्हा. तेव्हा परदेशातून आलेली वस्तू परदेशाचा कायदा बरोबर घेऊन येत नाही, आणि आला असता तरी उपयोग झाला नसता! वायरलेस सेट इथे आणायलाही आपल्याकडे परवानगीचे नियम आहेत, ते वेगळंच.

कुणी शिकलेला माणूस म्हणेल, की सर्वोच्च न्यायालयानेच 1995 मध्ये हवेतल्या लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. ठरवल्या, पण त्याच निकालात त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली व्हावा असंही आहे. रंकाळा सगळ्या गावाचा म्हणून कुणी मध्येच आपलं कुंपण घालत नाही.

आता मूळ पत्रातल्या घाटाच्या मुद्द्याकडे येतो, कारण तिथे माझा तांत्रिक आक्षेपही आहे. या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की संपलं. करूळ किंवा भुईबावडा घाटात मोबाईलची रेंज ज्या कड्यांमुळे जाते, त्याच कड्यांमुळे स्कॅनरही मुका होतो. पोलिसांचा सेट तिथे चालला तर तो उंचावर बसवलेल्या रिपीटरच्या, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या जोरावर, आणि तो रिपीटर ज्या वळणावरून दिसत नाही तिथे त्यांचाही आवाज तुटतो. तेव्हा हजारो रुपये घालून, कायदा मोडून, हवं त्या ठिकाणी काहीच ऐकू येणार नाही अशी वस्तू घ्यायची.

पुराचंही तेच. 2019 आणि 2021 चा पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. शिरोलीजवळ हायवे बंद, गावाला बेटाचं रूप. त्या दिवसांत पाण्याइतकंच अफवांनीही हैराण केलं होतं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण वायरलेसवरचं बोलणं तुटक असतं, संकेतांचं असतं. ‘दरवाजा उघडला’ एवढंच कानावर आलं, तर एक की सातही? राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटतं. सातही उघडले तर हिशेब कुठल्या कुठे जातो. अर्धवट ऐकलेलं वाक्य गाडीतल्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की चिखली-आंबेवाडीत लोक मध्यरात्री जनावरं सोडायला धावणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरंच सोडायची वेळ येईल तेव्हा ‘ही पण अफवाच’ म्हणून झोपून राहणार. जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077, आणीबाणीला 112, आणि आकाशवाणी. पत्रलेखकांना एवढं पुरेसं वाटत नसेल, तर त्यांची खरी तक्रार माहिती वेळेवर न मिळण्याची आहे, आणि ती अगदी रास्त आहे. रस्ता बंद झाल्याची बातमी गगनबावड्यात पोहोचल्यावर कळण्यापेक्षा कळे गावातच फलकावर लागली पाहिजे. ती मागणी जोरात करावी. त्यासाठी कुणाचं चोरून ऐकायला नको.

विकणाऱ्यांबद्दल बोललं पाहिजे, कारण शेवटी सापडतो तो घेणारा. ऑनलाइन मागवलेला हातातला सेट दोन दिवसांत घरपोच येतो. खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘लायसन्स लागत नाही’ असं छापलेलं. मागे बघितलं तर 136 ते 174 मेगाहर्ट्झ आणि 400 च्या वर बराच पुढपर्यंत सगळं खुलं. आपल्याकडे 2018 च्या नियमांनी वॉकी-टॉकीसाठी परवान्यातून सूट दिलेला पट्टा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढाच आहे, तोही कमी ताकदीच्या, मान्यताप्राप्त सेटला. त्याबाहेर जाणारा सेट सूटवाला नव्हे, जाहिरात काहीही म्हणो. गणपतीच्या मिरवणुकीत कार्यकर्त्यांच्या कमरेला लटकणारे किती सेट या मापात बसतात हे मंडळांनी आपलं आपण तपासून बघावं. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या 13 कंपन्यांना असल्या वॉकी-टॉकींबद्दल नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक नियम आणले: कुठल्या लहरीवर चालतो, परवाना लागतो की नाही, हे विक्रीच्या पानावर सांगायचं. चांगलं झालं. पण स्कॅनर, कॉम्प्युटरला लावायचे पेनड्राइव्हएवढे रिसीव्हर, यांच्याबद्दल सामान्य दुकानदाराला अजून कुणीही समजेल अशा भाषेत काही सांगितलेलं नाही. टीव्ही बघण्यासाठी म्हणून निघालेला तो छोटा रिसीव्हर आता लॅपटॉपवर वाट्टेल ते ऐकवतो. इंजिनिअरिंगची पोरं त्याच्यावर प्रोजेक्ट करतात. त्यांना आणि क्रेनवाल्याला एकाच कलमात गुंडाळणं मला पटत नाही. उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून विमानाचा आणि टॉवरचा संवाद ऐकणाऱ्या शाळकरी पोराला तीन वर्षांची भीती घालून काय मिळणार? कायदा करणाऱ्यांनी हौशी कान आणि धंदेवाईक कान यांत फरक करणारा एक स्पष्ट आदेश मराठीतून काढावा. तोवर नियम आहे तो आहे, आणि मी तो गिऱ्हाइकाला तसाच सांगणार.

पोलीस डिजिटल झाले की हा प्रश्नच मिटेल, असं काहीजण म्हणतात. डिजिटल करून कूटबद्ध केलेला, म्हणजे सांकेतिक कुलूप घातलेला आवाज साध्या स्कॅनरला कळत नाही हे बरोबर. पण अग्निशमन, अँब्युलन्स, कारखान्यांची सुरक्षा, विमानं असा बाकीचा पसारा एका दिवसात बदलत नाही. विमानांचं बोलणं तर जगभर अजून जुन्या एएम पद्धतीनेच चालतं.

उद्यमनगरातल्या माझ्या धंदेबंधूंना एक विनंती. आपल्यापैकी काहींनी असली कामं हातात घेतली आहेत, मला माहीत आहे. सेट कुणाचा, परवाना कुणाच्या नावावर, एवढं कागदावर बघितल्याशिवाय अँटेनाला हात लावू नका. दोन हजाराच्या फिटिंगसाठी दुकानाला पोलिसांचं सील पडलं तर पोराबाळांनी काय खायचं? आणि परिवहन खात्याने, पोलिसांनी नुसत्या कारवाईच्या बातम्या देण्यापेक्षा गाडीच्या ॲक्सेसरीज विकणाऱ्यांची एक बैठक घ्यावी. हूटर आणि काळ्या काचांबद्दल सांगता, तसं याबद्दलही सांगा.

ज्यांना खरोखर रेडिओचं वेड आहे त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. हॅम रेडिओचा परवाना. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच. खालच्या श्रेणीला मोर्स कोडही लागत नाही. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. पास झालात की व्हीयूने सुरू होणारं तुमचं स्वतःचं नाव हवेत मिळतं, आणि 144 ते 146 मेगाहर्ट्झमध्ये ऐकायलाच काय, बोलायलाही कुणाची चोरी नाही. 2001 च्या भूजच्या भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानात फोन बंद पडले तेव्हा याच हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले. हॅमवाल्यालाही कानावर पडलेला परका संदेश बाहेर सांगायची मुभा नाही, हे त्यांच्या नियमातच आहे. पुराच्या गावात असे पन्नासएक परवानाधारक तयार झाले तर पत्रलेखकांना जे हवं आहे ते कायदेशीर मार्गाने मिळेल. शहरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजने पावसाळ्याआधी त्याचा अभ्यासवर्ग काढावा. रेडिओची बाजू शिकवायला मी रविवारी मोकळा असतो, पैसे घेणार नाही. इच्छुकांनी आपल्या कार्यालयात नाव द्यावं, आपण माझ्यापर्यंत पोहोचवाल अशी खात्री आहे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

(नाव व पत्ता सोबत दिला आहे. गिऱ्हाइकाची ओळख पटू नये म्हणून कृपया छापू नये.)